आमची वाटचाल : किक न लागणाऱ्या एका आरएक्सने गॅरेज कसं बदललं

कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या बाजूला मी आणि माझा मामेभाऊ, दोघांनी मिळून एका शटरमध्ये गॅरेज सुरू केलं तेव्हा येईल ते काम घ्यायचो, पंक्चर सोडून सगळं. पण जीव होता यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटारसायकलमध्ये. १९८५ ला आलेली आणि १९९६ ला बंद झालेली गाडी, ५० बाय ५० मिलिमीटरचा बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव), ९८ सीसी, पण आमच्याकडची पोरं आजही तिच्यासाठी वेडी आहेत आणि निम्म्यांना ती पोर्टिंग (जोर वाढवायला सिलिंडरची भोकं घासून मोठी करणं) करूनच पाहिजे असते.

अशीच एक गाडी इचलकरंजीवरून टेम्पोत घालून आली. ब्लॉकचं पोर्टिंग झालेलं, एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर जायचं भोक) वर घेतलेला, २६ मिलिमीटर भोकाचा कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून देणारा भाग). चालू झाली की मस्त पळायची पण सकाळी ३०-४० किका. आम्ही प्लग बदलला, सीडीआय (ठिणगीचं इलेक्ट्रॉनिक युनिट) बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटर दोनदा साफ केला, गाडी चालू झाली, पैसे घेतले आणि चार दिवसांनी गाडी परत दारात. तिसऱ्यांदा आला तेव्हा गाडीचा मालक म्हणाला, "दादा, पैशाचं काय नाही ओ, पण माझी फर्स्ट शिफ्ट असते, पहाटे साडेपाचला सगळी गल्ली उठवून किका मारायची लाज वाटते." त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगतो. त्याचे पार्टचे पैसे आम्ही परत दिले आणि गाडी ठेवून घेतली.

शेजारी लेथवर बसणारे एक जुने टर्नरकाका होते, त्यांना सगळं सांगितलं. ते एवढंच बोलले, "टू-स्ट्रोकचा क्रँककेस म्हणजे पंप हाय. पंपाचा वायसर बघितलास काय?"

मग डोक्यात लख्ख उजेड पडला. टू-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोल आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद खोलीत ओढलं जातं, ती खोली गळत असेल तर ओढच मिळत नाही. आम्ही एक्झॉस्ट आणि इनटेक रबर लावून बंद केले, मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं वीज बनवणारं चाक) उतरवला आणि बीपी मोजायच्या मशीनचा फुगा आणि मीटर जोडून त्या मीटरवर २५० पर्यंत हवा भरली. काटा बघता बघता खाली. साबणाचं पाणी मारलं तर मॅग्नेटच्या बाजूच्या क्रँक सीलमधून (क्रँकच्या दांड्याभोवतीच्या रबरी रिंगमधून) बुडबुडे! म्हणजे किक मारली की कार्बोरेटरमधून पेट्रोल ओढायच्या ऐवजी इंजिन तिथूनच फुकटची हवा ओढत होतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं असतं तर गिअर ऑइल आत येऊन पांढरा धूर झाला असता, ते लगेच कळतं, पण हे मॅग्नेटच्या बाजूचं सील गपचूप मारतं.

सील बदललं तरी थंड गाडीला १०-१२ किका लागतच होत्या. इथं आमचा जास्त वेळ गेला. सील लीक असल्यामुळं गाडी आयडलिंग (ॲक्सिलरेटर न देता चालू राहणं) धरत नव्हती म्हणून कोणीतरी आयडल स्क्रू आवळत आवळत स्लाइड (कार्बोरेटरमधली हवेची वाट कमी-जास्त करणारा वरखाली होणारा भाग) बरीच वर नेऊन ठेवलेली, आणि या कार्बोरेटरचा चोक म्हणजे हवा बंद करणारा पडदा नव्हे, ती जादा पेट्रोल ओढून देणारी वेगळी वाट असते आणि स्लाइड पूर्ण खाली असेल तरच तिला नीट ओढ मिळते. त्यात २६ चं भोक एवढ्याशा इंजिनला मोठं, किकच्या स्पीडला हवेचा वेग आधीच कमी. म्हणून चोक ओढून ॲक्सिलरेटर पिळत किक मारू नका असं आम्ही प्रत्येकाला हात जोडून सांगतो. स्लाइड खाली घेतली, एअर स्क्रू (आयडलिंगची हवा कमी-जास्त करणारा) अर्धाच फेरा उघडला तरच आयडलिंग चांगलं येत होतं म्हणजे पायलट जेट (आयडलिंगचं पेट्रोल देणारं बारीक भोक) लहान, तो एक नंबर मोठा टाकला, स्क्रू दीड फेऱ्यावर आला. पहाटे आम्ही दोघं मुद्दाम गॅरेजवर आलो, चोक ओढला, दुसऱ्या किकला गाडी सुरू. मामेभावानं मला मिठीच मारली.

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक टू-स्ट्रोक पहिल्यांदा हवेच्या टेस्टला लागते, मग रीडच्या (इनटेकच्या एकतर्फी झडपेच्या) पाकळ्या उजेडात धरून बघायच्या, मग स्पार्क, मग जेट, आणि तोपर्यंत एकही पार्ट विकायचा नाही. धंदा सुरुवातीला कमी झाला, कारण टेस्टचे वेगळे पैसे कशाला असं लोक विचारायचे, पण नंतर सांगली, बेळगाव, गोव्यावरून गाड्या यायला लागल्या. आता तीन पोरं कामाला आहेत, शेजारचा गाळापण घेतला. टर्नरकाका थकलेत पण संध्याकाळी येऊन बसतात, त्यांची खुर्ची ठरलेली आहे.

गाडी देताना वहीत थंड किती किका, गरम किती किका हे लिहून गिऱ्हाईकाची सही घेतो. त्या इचलकरंजीच्या गाडीचं पान पहिलं आहे, थंड २, गरम १.