सुरतेकडचा समुद्र

उन्हाळ्याच्या सुट्टीत समुद्र म्हटलं की पुण्या-मुंबईची माणसं कोकणात उतरतात. आम्हा खानदेशातल्या लोकांना मालवण म्हणजे लांबचा पल्ला, आणि वर तिथे उतरायचं कुणाकडे हा प्रश्न. सुरतेत तशी अडचण नाही. उधना-लिंबायतकडे कुणाचा तरी मामा, कुणाची तरी आतेबहीण असतेच. गाडी नंदुरबार सोडते, नवापूर मागे पडतं, तरी डब्यातली अहिराणी काही कमी होत नाही. चहावाला तेवढा गुजरातीत ओरडायला लागतो.

निघायची तारीख मात्र गच्चीवरचे बिबडे ठरवतात. बिबडे, कुरडया, पापड वाळून डब्यात गेल्याशिवाय घरातली एकही बाई हलत नाही. पारा पंचेचाळिसाला टेकला की ते खणखणीत वाळतात, म्हणजे जळगाव-धुळ्याचं सगळ्यात कडक ऊन अंगावर घेऊन झालं की मगच पिशव्या भरायच्या.

वाट जुनीच आहे. बऱ्हाणपूरचा माल नंदुरबार-नवापूरवरूनच सुरतेला जायचा आणि पुढे जहाजात चढायचा. तापीच्या मुखाशी गाळ फार, त्यामुळे मोठी जहाजं आत न येता सुवालीला नांगर टाकत. १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज याच सुवालीसमोर भिडले. आता तिथे लोक चटया अंथरून डबे उघडतात.

आमचा पहिला मुक्काम मात्र डुमस. मुलताईला निघालेली तापी ७२४ किलोमीटर चालून इथे जवळच समुद्राला मिळते. वाळू काळी, पाणी मातकट. निळ्या समुद्राचे फोटो बघून आलेल्यांचा चेहरा पडतो. आजीचा पडला नव्हता. "ओ माय वं, इतलं पानी!" म्हणून ती काठावर बसली ती उठेचना. उन्हाळाभर टँकर कधी येणार याची चौकशी करणाऱ्या माणसाला पाण्याचा रंग दिसत नाही, पसारा दिसतो. मलाही हे गढूळ पाणीच आपलं वाटतं. त्यात थोडी आमच्या शेतांची माती असणारच.

डुमसला जाऊन टमाटर भजी न खाता परतणं म्हणजे पाप. टमाट्याची जाड चकती, तिच्यावर हिरव्या चटणीचा थर, मग बेसनात बुडवून कढईत. बाहेरून कुरकुरीत आणि आत रस नुसता उकळत असतो. पहिल्याच घासाला टाळू पोळते, तरी हात दुसऱ्याकडे जातोच. एवढं खाऊन "तिखट काहीच नाही राव" म्हणत कुणीतरी पिशवीतून ठेच्याची बाटली काढतं.

पुढे दमण. वापीला उतरून रिक्षा. दमणगंगेच्या एका काठाला नानी दमण, दुसऱ्याला मोटी दमण. पोर्तुगीज १५५९ ला आले ते डिसेंबर १९६१ पर्यंत हलले नाहीत. मोटी दमणच्या किल्ल्यात आजही वस्ती आहे, कचेऱ्या आहेत, चर्च आहे. म्हणूनच मला तो आवडतो. नुसत्या पडक्या भिंती बघून पोरं कंटाळतात, इथे तटाच्या आत सावलीला बसता येतं.

दमणच्याच जम्पोर किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पाणी इतकं मागे जातं की पोरं विचारतात, "समुद्र कुठे गेला?" भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालच्या वेळेवर आज गेलं की चिखल बघत बसायचं. तेही वाईट नाही. ओल्या वाळूवर वाकून पाहिलं तर नखाएवढे खेकडे वाळूच्या बारीक गोळ्या करून बिळाभोवती मांडत असतात. पाऊल टाकलं की सगळे गडप, जरा थांबलं की काम पुन्हा सुरू.

एक गोष्ट मात्र दरवर्षी होते. आमचे मेहुणे सुरतेला पोचल्याबरोबर कूलर शोधतात. कूलर चालतो पाण्याची वाफ होऊन. इथे हवेतच एवढं पाणी की वाफ होणार कुठून? खोली गार व्हायची सोडून दमट होते. मग बनियन पिळत ते जाहीर करतात, "आपलं पंचेचाळीस परवडलं, निदान घाम तरी वाळतो." मामी म्हणतात, "मग जा ना परत." ते गप्प बसतात, आणि संध्याकाळी दर्याकडे निघताना रिक्षात सगळ्यात आधी तेच बसलेले असतात.