बिबट्या, सिंह आणि आजोबांचे चार चमचे

आमच्या घरी चांदीचे चार मोठे वाढायचे चमचे आहेत. १९४७ च्या शेवटी मुंबईत एक साहेब बिऱ्हाड गुंडाळून विलायतेला निघाला, त्याच्या सामानाच्या लिलावात आजोबांनी ते घेतले. दोन अगदी साधे. उरलेल्या दोनांच्या वाटीत द्राक्षं, सफरचंदं, पेअर उठवलेले आणि वर सोन्याचा मुलामा. फळांचे चमचे बारा महिने कपाटात, मलमलीच्या फडक्यात. पाडव्याला श्रीखंडाच्या भांड्यापाशी मिरवायला तेवढे बाहेर यायचे. साधे दोन मात्र रोजच्या राबत्यातले. आई ते चिंच आणि रांगोळीने घासायची. किंमत काढायची म्हणजे सराफाकडे न्यायचे. तो काट्यावर टाकणार, ग्रॅम वाचणार, घट धरणार, की झालं.

२०२३ च्या सप्टेंबरात लंडनमधल्या हॅरोला मावसबहिणीकडे तीन आठवडे राहिले आणि त्यातले पाच दिवस जुनी इंग्रजी चांदी ओळखायला शिकायच्या एकाच नादात घालवले. कोणाला असा फेरा करायचा असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

निघण्याआधीचं सांगते. चमचे सोबत नेऊ नका. आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, मग ती मुळात इंग्लंडातच घडलेली का असेना. मी फोटो काढून नेले. दांड्यामागचे ठसे दिवसाच्या उजेडात, अगदी जवळून. वाटी वरून आणि बाजूनं. आणि प्रत्येक चमच्याचं वजन. तेवढं पुरलं. बाजूनं काढलेला फोटो सर्वांत कामाचा ठरला, का ते पुढे येईल. शिवाय दहापट दिसणारं सराफी भिंग आणि छोटी बॅटरी घ्या. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर भिस्त ठेवू नका, चकाकत्या चांदीवर तो गडबडतो.

पहिल्या दिवशी काही विकत घ्यायचं नाही असं ठरवूनच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेले. साउथ केन्सिंग्टन स्टेशनातून भुयारी वाटेनं थेट आत जाता येतं, प्रवेश फुकट, आणि चांदीची दालनं वरच्या मजल्यावर असल्यानं तिथे गर्दी कमी. दालनातला जर्निंगहॅम वाइन कूलर नावाचा अजस्र घंगाळासारखा प्रकार सगळे थांबून बघतात. मूळ वस्तू रशियात हर्मिटेजमध्ये आहे, ही १८८४ साली एल्किंग्टन कंपनीनं विजेच्या साहाय्यानं केलेली प्रतिकृती. मला तो आवडला नाही. त्यात एखादं बाळ सहज न्हाऊ घालता येईल. मी दोन तास चमचे आणि काटे बघत बसले. जुना हॅनोव्हेरियन घाट, त्याची दांडी टोकाला वर वळते. १७६० च्या सुमारास आलेला ओल्ड इंग्लिश, दांडी खाली वळलेली, कसलंही नक्षीकाम नाही. मग व्हायोलिनसारखी कंबर असलेला फिडल, आणि शिंपले-वेलबुट्टीनं भरलेला किंग्ज. आमचे चारही ओल्ड इंग्लिश निघाले. हे आधी डोळ्यात बसवा, मग दुकानाची पायरी चढा.

दुसऱ्या दिवशी सिल्व्हर व्हॉल्ट्स. चान्सरी लेन स्टेशनपासून पाच मिनिटांवर, साउदॅम्प्टन बिल्डिंग्ज या गल्लीत. १८७६ मध्ये श्रीमंतांची किमती चीजवस्तू ठेवायला ही तळघरं उघडली, पुढे चांदीचे व्यापारी इथेच स्थिरावले. वरच्या इमारतीवर दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडला, तळघर शाबूत राहिलं. दोन जिने खाली उतरलं की लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना तिजोरीची जाडजूड लोखंडी दारं. प्रत्येक दारामागे एक दुकान. तुळशीबागेत चांदीचा पाऊस पडावा तसं आत दिसतं. शनिवारी दुपारी एकला बंद होतं आणि रविवारी उघडत नाही, तेव्हा मधल्या वारी जा. विकत घेतलं नाही तरी कोणी वाकडं बघत नाही. पण आत शिरल्याबरोबर ‘किती’ विचारू नका, आधी ‘हे काय आहे’ विचारा. माणसं बोलायला लागतात.

एका दुकानात सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. त्यांना फोटो दाखवले. त्यांनी वजनाकडे बघितलंही नाही, सरळ ठशांवर गेले. मग अर्धा तास माझी शिकवणी झाली.

चालणारा सिंह असेल तर चांदी स्टर्लिंग, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध. हा सिंह १५४४ पासून आहे. बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन. ते १८२१ पर्यंत मुकुट घालून असतं, त्यानंतर बोडकं. राजाचं किंवा राणीचं डोकं म्हणजे कर भरल्याची पावती, १७८४ ते १८९० एवढ्याच काळातली. त्यातही विलायती गंमत: व्हिक्टोरियाचं तोंड डावीकडे, तिच्या आधीच्या राजांचं उजवीकडे, अपवाद फक्त पहिल्या दोनेक वर्षांचा. कारागिराची आद्याक्षरं वेगळी. आणि एक अक्षर सालाचं. लंडनच्या एका फेऱ्यात वीस अक्षरं, ‘ए’ ते ‘यू’, मधलं ‘जे’ गाळून. दर मे महिन्यात अक्षर बदलायचं, म्हणून एक अक्षर दोन सालांवर पसरतं. तेच अक्षर पुढच्या फेऱ्यात परत येतं, पण वळण किंवा ढाल बदलते. त्यामुळे अक्षर एकटं वाचून उपयोग नाही, भोवतीच्या ढालीचा आकारही बघायचा. हे सगळं खिशात मावणाऱ्या पुस्तकांत मिळतं, एक विकत घ्याच.

आमच्या फळांच्या चमच्यांवर ठसे स्वच्छ होते: मुकुटवाला बिबट्या, सिंह, उजवीकडे बघणारा राजा आणि ठळक मोठा ‘के’. १८०५–०६. साध्या चमच्यांवर सिंहाचे पायच उरलेत. पण बिबट्याचा मुकुट आणि ‘ई’ वाचता आला. १८००–०१. बाकीचं आईच्या रांगोळीत गेलं.

मी उत्साहानं म्हटलं, म्हणजे फळांचे जास्त किमतीचे. गृहस्थांनी चष्मा काढला. ‘हे मुळात तुमच्या त्या साध्यांसारखेच साधे होते,’ ते म्हणाले. ‘व्हिक्टोरियाच्या काळात लोकांना जॉर्जियन, म्हणजे आधीच्या जॉर्ज राजांच्या काळातला, साधेपणा कंगाल वाटायला लागला. मग जुने चमचे घेऊन त्यात फळं ठोकली, सोनं चढवलं, मखमली डब्यात घालून लग्नाच्या आहेरात दिले.’ याला तिकडे बेरी स्पून म्हणतात. हौशी गिऱ्हाईक घेतं, पण जाणता संग्राहक त्याला बिघडवलेली चीज समजतो.

मग बाजूनं काढलेला फोटो. वाटीचं टोक वर्षानुवर्षं ताटल्यांना घासून झिजतं, डावीकडचं आधी, कारण बहुतेक वाढणारे उजखोरे. झीज फार झाली की कानस मारून वाटी सारखी करतात, मग ती अंड्यासारखी न दिसता आखूड, गोलसर दिसते. आमचे साधे चमचे झिजलेत, पण कानस लागलेली नाही. गृहस्थांना ते आवडलं.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘त्यांना काय कळतंय. फळांचेच छान दिसतात.’ पण रांगोळी बंद कर म्हटल्यावर गप्प झाली. साबणाचं कोमट पाणी, मऊ कापड, आणि काळं पडलं तरच चांदीचं पॉलिश, तेही ठशांवर न रगडता. डिशवॉशर कधीच नाही.

भावाचं सांगते, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. एकाच चमच्याच्या चार किमती असतात. मोडीची सर्वांत खाली, मग लिलावातली, मग दुकानातली आणि सर्वांत वर विम्यासाठी काढलेली. ‘किंमत काय’ विचारलं की ‘कशासाठी’ असं उत्तर येतं ते म्हणून. लिलावात बोलीवर साधारण पाव हिस्सा लिलाव करणाऱ्या कंपनीचं कमिशन चढतं, ते धरूनच बोली लावा. मोडीचा हिशेब घरी करता येतो: ६५ ग्रॅमचा चमचा, गुणिले ०.९२५, म्हणजे जेमतेम ६० ग्रॅम शुद्ध चांदी. तिकडे भाव ट्रॉय औंसात बोलतात, एक औंस ३१.१ ग्रॅमचा, म्हणजे आपल्या आजच्या दहा ग्रॅमच्या हिशेबानं तीन तोळे आणि वर थोडं. मी गेले त्यानंतर चांदी खूप चढली आहे, त्यामुळे माझ्या वेळचे आकडे धरून बसू नका. सुऱ्यांचं वजन करू नका. मुठीत राळ भरलेली असते. मेणबत्तीदाणही बरेचदा पोकळ आणि आत भराव घातलेलं. वर काटे चमच्यांपेक्षा दुर्मीळ, कारण दाते झिजतात, म्हणून चमच्यांचे काटे करणारे महाभागही होऊन गेले. ठसे ताणलेले, वाकडे दिसले की शंका घ्या.

शुक्रवारी पहाटे बर्मंड्सी. लंडन ब्रिजहून पायी पंधरा-वीस मिनिटं. बाजार सहाला भरतो आणि हल्ली फारच आटला आहे, चांगला माल सातच्या आत व्यापारीच उचलतात. या बाजाराची एक गोष्ट आपल्या चोरबाजाराला लाजवेल अशी: जुन्या इंग्रजी कायद्यानं अशा खुल्या बाजारात सूर्योदय ते सूर्यास्त प्रामाणिकपणे घेतलेला माल चोरीचा निघाला तरी घेणाऱ्याचाच राहायचा. हा नियम अखेर १९९५ मध्ये रद्द झाला. आता पावती मागा.

इथेच मी फसले, आणि दोष माझाच. बॅटरीच्या उजेडात एक छोटं मोहरीचं भांडं दिसलं, आत निळ्या काचेची वाटी, तळाला ओळीनं चार छोट्या ढाली. वीस पौंड. ढाली बघून हरखले, आत काय आहे ते भिंगानं वाचलंच नाही. घरी येऊन बघते तर गॉथिक वळणाची चार अक्षरं: ई, पी, एन, एस. निकेलच्या मिश्रधातूवर विजेनं चढवलेला मुलामा. हे ठसे दुरून हॉलमार्कसारखे दिसावेत म्हणूनच तसे मारत. सिंह नाही तर बहुधा चांदी नाही, निदान इंग्लंडच्या जुन्या मालात, हे काल शिकून आज विसरले होते. निळी काच मात्र उगाच नसते. मीठ आणि मोहरी चांदीला खातात. हल्ली त्यात माझी फोडणीची मोहरी असते.

शनिवारी पोर्टोबेलो रोडवरचा जुन्या वस्तूंचा बाजार. बहीण म्हणाली, ‘अगं, तिथे सेल्फी काढणारेच जास्त.’ खरं आहे, पण नॉटिंग हिलच्या बाजूनं नऊच्या आत पोचलं तर आर्केडच्या आतल्या टपऱ्यांवर नीट बघता येतं. तिथे एक साखरेचा चिमटा घेतला, जॉर्जियन, ६५ पौंड सांगितले, ५५ ला दिला. घासाघीस चालते, पण आपल्यासारखी निम्म्यावरून सुरुवात नाही. ‘तुमचा शेवटचा भाव काय?’ एवढंच विचारायचं. चिमटा घेताना वरची कमान बघा, मोडतो तिथेच. मी त्यावर तोंडानं हाऽ करून वाफ सोडली. चांदीवर धुकं येतं आणि जोडकाम किंवा खोडलेली अक्षरं क्षणभर वेगळी उठून दिसतात. विकणाऱ्या बाई हसल्या; गिऱ्हाईक शिकून आलंय हे त्यांना कळलं, आणि माझ्या मते पाच पौंड तिथेच उतरले.

मंगळवारी शेफील्ड. सेंट पँक्रसहून दोन-सव्वादोन तास, तिकीट आधी काढलं तर खूप स्वस्त. मिलेनियम गॅलरी स्टेशनपासून चालत, धातुकामाचा संग्रह उत्तम आणि फुकट. १७७३ पर्यंत इथल्या कारागिरांना ठसा मारून घ्यायला माल लंडनला धाडावा लागे. त्या साली शेफील्ड आणि बर्मिंगहॅमला आपापली कचेरी मिळाली. शेफील्डला मुकुट, बर्मिंगहॅमला नांगर. समुद्राचा पत्ता नसलेल्या गावाला जहाजाचा नांगर कसा, तर मागणी रेटणारी मंडळी लंडनच्या क्राउन अँड अँकर खानावळीत जमत म्हणून, असं सांगतात. १९७५ पासून शेफील्डचा मुकुट जाऊन गुलाब आला.

मला इथे बघायचं होतं ते ओल्ड शेफील्ड प्लेट. १७४३ च्या आसपास टॉमस बोल्सोव्हर नावाच्या कारागिराला तांब्याच्या पाट्याला चांदीचा पत्रा तापवून एकजीव करता येतो हे सापडलं. लाटला तरी दोन्ही सारखे पसरतात. गॅलरीतल्या एका तबकाच्या कडेला चांदी झिजून आतलं तांबं गुलाबी डोकावत होतं, पुरणपोळी लाटताना पुरण दिसावं तसं. १८४० मध्ये एल्किंग्टननी विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि हा धंदा बसला. असं तांबं दिसणारं जुनं भांडं मिळालं तर हौसेनं नवा मुलामा चढवू नका, उरलीसुरली किंमतही जाईल.

परतताना दोन गोष्टी. पर्यटकांना मिळणारा व्हॅटचा परतावा इंग्लंडात २०२१ पासून बंद आहे, त्याच्या आशेवर सौदा करू नका. मुंबईला उतरताना पावती हाताशी ठेवा. तेव्हा ५० हजारांपर्यंतच्या सामानाला माफी होती, निघण्याआधी ताजा नियम बघा. आणि परदेशात राहणाऱ्यांनी शंभरी ओलांडलेली वस्तू भारतात आणताना विचार करा: तोच १९७२ चा कायदा ती परत नेताना आडवा येऊ शकतो.

जुन्या भांड्यांच्या तळाशी पहिल्या मालकानं कोरलेलं वजन कधी कधी दिसतं, आजच्या वजनाशी ताडून बघितलं की भांड्यातलं काय कापलं-जोडलं ते कळतं. चिमट्याचं वजन तसंच लिहून ठेवावं म्हणून पुण्यात आमच्या सराफाकडे गेले. त्यानं काट्यावर टाकला.

‘चौतीस ग्रॅम आहे, ताई. मोडायचाय का?’