मुरबाडची भेंडी वाशीला पाठवताना: माझा अनुभव

भेंडी लावायची म्हटलं की आम्ही आता आधी सातबारा बघतो, बियाणं नंतर. मुरबाड-शहापूरकडे भात निघालं की खाचरात भेंडी होते. पण शेत कसणारा, सातबाऱ्यावर नाव असलेला आणि वाशीच्या पट्टीवर, म्हणजे बाजारातल्या आडत्याने दिलेल्या विक्रीच्या हिशेबावर, नाव येणारा हे पुष्कळदा तीन वेगळे लोक असतात. माल एकाच शेतातला असला तरी पैसा कागदावरच्या नावाकडे जातो.

मालक ठाण्याला नाहीतर कल्याणला राहतो. जमीन दुसरा अर्धेलीने (निम्म्या वाट्याने) किंवा खंडाने (ठरलेल्या भाड्याने) कसतो. बोलणं तोंडी. ‘लिहून दिलं तर कूळ लागेल’, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, ही 1948 च्या कुळकायद्याची धास्ती तीन पिढ्यांनंतरही जात नाही. तिचा परिणाम शेतात दिसतो. पुढच्या वर्षी जमीन मिळेल याची खात्री नाही म्हटल्यावर कसणारा एका हंगामापुरताच खर्च करतो. बांध फुटला तर माती लोटून वेळ मारून नेतो, ठिबक टाकत नाही. मालकाला फार्महाऊसचं गिऱ्हाईक कधीही येऊ शकतं, त्यामुळे तोही दोन वर्षांचं बोलत नाही.

लावणीनंतरचं पहिलं कागदी काम ई-पीक पाहणी. शेतात उभं राहून सरकारी मोबाईल ॲपमध्ये गट क्रमांक, पीक, क्षेत्र, पाण्याचं साधन भरायचं आणि उभ्या पिकाचा फोटो घ्यायचा. घरी बसून फोटो टाकायचा प्रयत्न करू नये, ठिकाण जुळत नाही. नोंद चुकली तर 48 तासांत आपणच दुरुस्त करू शकतो. खरिपात भाताची नोंद केली म्हणून काम संपलं असं समजणारे बरेच भेटतात. भातानंतरच्या भेंडीची नोंद वेगळी करावी लागते. राहिली तर शेत हिरवंगार असूनही कागदावर ते पड.

हे निर्यातीच्या वेळी नडतं. युरोपला जाणाऱ्या भेंडीसाठी शेत अपेडाच्या (केंद्राची शेतमाल निर्यात संस्था) व्हेजनेट या ऑनलाइन यादीत नोंदलेलं लागतं. अर्ज तालुका कृषी कार्यालयात, सोबत सातबारा, आठ-अ (खात्यावरच्या जमिनींचा उतारा), शेताचा नकाशा. एका खेपेला नोंदणी मालकाच्या नावाने झाली, साहजिकच बिलही त्याच्याच नावाने निघालं आणि कसणाऱ्याचा वाटा महिनाभर अडकला. आता अर्ज भरण्याआधीच तीन माणसांसमोर ठरवतो: पैसे कोणाच्या खात्यात आणि वाटा किती दिवसांत.

निर्यातीत माल नापास होतो तो मुख्यतः फवारणीमुळे. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते. औषधाच्या लेबलवर फवारणी आणि तोडणी यांत पाच किंवा सात दिवसांचं अंतर लिहिलेलं असेल, तर तोडा चालू असताना ते औषध वापरताच येत नाही. वापरलंच तर मधले तोडे फेकायचे. दुकानदार हे सांगत नाही, त्याला बाटली विकायची असते. म्हणून तोडा सुरू झाला की आम्ही आधी लेबलवरचे दिवस बघतो, मग किंमत.

तोडा सकाळी, दव उतरल्यावर. हातमोजे हवेतच, भेंडीच्या लवेने हातांना खाज सुटते. बोटापेक्षा मोठी भेंडी वेगळी काढायची. गोणपाट ओलं करून माल भरायची जुनी सवय सोडावी. आत उष्मा धरतो आणि पहाटेपर्यंत भेंडी काळी पडते. बर्फाच्या गाडीतही टाकू नये, सातेक अंशांच्या खाली सालीवर डाग येतात. प्लास्टिकचा क्रेट, सावली आणि वारा, एवढंच पुरतं.

टेम्पो चार गावांत मिळून. मुरबाडहून कल्याण, शिळफाटा, महापेमार्गे तुर्भ्याचं मार्केट, त्यालाच आम्ही वाशी म्हणतो. शिळफाट्याला अडकला तर पहाटेचा चढा भाव हातचा जातो, म्हणून गाडी रात्री लवकर काढायची. बाजारात माथाडी माल उतरवतात. टेम्पोवाल्याकडून घेतलेली वाराई, म्हणजे माल उतरवण्याची मजुरी, तो भाड्यात धरतोच, तेव्हा भाडं ठरवताना ‘वाराईसकट’ हा शब्द बोलून घ्यावा.

घेणारा भेंडीचा शेंडा मोडून बघतो. टक् आवाज आला तर कोवळी. शेंडा नुसता वाकला की भाव तिथेच पडतो, आणि एका क्रेटमधल्या चार जून भेंड्या अख्ख्या लॉटला खाली ओढतात.

भाव दहा किलोचा बोलला जातो. दहा क्रेट, प्रत्येकी वीस किलो, दर 300 धरला तर 200 किलोचे 6,000. रात्रभरात माल थोडा सुकतोच, तेवढी घट मान्य. पण वजनातून सरसकट कापलेला कडता मान्य करू नये. भाजीपाल्याची आडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या आडत्याचं कमिशन, 2016 पासून खरेदीदाराकडून घ्यायची आहे. शेतकऱ्याच्या पट्टीवर ‘इतर खर्च’ अशी मोघम ओळ दिसली तर तिथेच विचारावं. अडचण अशी की ज्याने आडत्याकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते त्याचं तोंड बंद असतं. आडत्या बियाण्याला पैसे देतो, रात्री फोन उचलतो, पडता मालही खपवतो, हे खरं; त्याचं मोल मात्र पट्टीवर कुठे लिहिलेलं नसतं.

ठाण्याच्या सोसायट्यांत थेट विक्री करून पाहावी, दर बरा मिळतो. पण तिथे दहा प्रकारच्या भाज्या लागतात, दोनशे किलो भेंडी कोणी घेत नाही. वीस-तीस किलोसाठी ठीक.

पट्टीवर कसणाऱ्याचं नाव यावं म्हणून क्रेटवर नाव, गाव, क्रेट क्रमांक आणि वजन लिहायचं. कागदाची चिठ्ठी घामेजून पुसते. जुन्या दुधाच्या पिशवीची पट्टी कापून त्यावर मार्करने लिहायचं आणि क्रेटच्या कडीला सुतळीने बांधायचं, आत टाकायचं नाही.