तुम्ही विचारलंत म्हणून: विषाणू सजीव की निर्जीव?

"सर, एका शब्दात सांगा ना." जीवशास्त्र शिकवतो म्हटलं की हा प्रश्न येतोच, आणि एका शब्दात सांगितलं नाही की मी टाळतोय असं ठरतं. टाळत नाही. एकेकाळी मी असं उत्तर बेधडक देत होतो.

हालचाल, श्वसन, वाढ, प्रजनन, उत्सर्जन. सजीवांच्या लक्षणांची ही यादी मीच फळ्यावर लिहायचो. खेचराला पिल्लं होत नाहीत, ज्योत ऑक्सिजन घेते आणि पसरते, हे तेव्हाही ठाऊक होतं. 'अपवाद' म्हणायचो आणि पुढचा धडा घ्यायचो.

एकदा एका विद्यार्थिनीने वहीत दाबून ठेवलेलं मॉस आणलं. चार महिने वाळलेलं, तपकिरी, चिमटीत चुरा होईल असं. मी म्हणालो, "मेलंय ते. आणि त्यात जे काही होतं तेही." तिने ते पाण्यात भिजवलं, तासाभराने एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. एक पारदर्शक जीव अंग लांबवत, आखडत पुढे सरकत होता. मग तो थांबला आणि डोक्यावरची बारीक केसांसारख्या तंतूंची दोन चक्रं फिरायला लागली. रोटिफर. "पाण्यातून आला असेल," मी वर्गासमोर म्हणालो.

"सर, पाणी उकळून गार केलं होतं."

"पुरे. जागेवर बस."

सूक्ष्मदर्शकाने जीव पाहणाऱ्या डच लेवेनहूकने पन्हाळीतल्या सुक्या धुळीत पाणी घालून हेच पाहिल्याचं १७०२ सालच्या पत्रात लिहिलं होतं. मला ते माहीत होतं, तरी मी तिला बसवलं. त्या वर्षी तिने पुन्हा काही विचारलं नाही.

आता विषाणू. १९३५ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्लीने तंबाखूवरच्या विषाणूचे स्फटिक केले. ते पाण्यात विरघळवून पानाला चोळले की रोग होतो. विषाणूला स्वतःचे रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारी यंत्रणा, नाहीत, चयापचय नाही. म्हणून माझा कल 'निर्जीव'कडे आहे. पेशीत शिरला की सजीव, बाहेर निर्जीव, हे पूर्वी मला फार सोयीचं वाटायचं. आता खटकतं. वाळलेल्या रोटिफरचा चयापचयही जवळपास थांबलेला असतो, पण त्याची यंत्रणा त्याच्यापाशी असते, विषाणूला ती दुसऱ्याची लागते. हा फरक मला मोठा वाटतो. पुरेसा आहे का, ते सांगवत नाही.

आणि त्या वहीत चार महिने जे होतं, त्याला मी 'मेलंय' म्हणालो होतो. त्या जागी कोणता शब्द घालायचा हे मला अजून सापडलेलं नाही.