मिरजेत राहून ऐझॉलचं एवढं काय? तुम्ही विचारलंत म्हणून

हा प्रश्न मला ग्राउंडवर विचारतात, ऑफिसात विचारतात, परवा एका लग्नात पंगतीला बसल्यावर पण विचारला. फुटबॉलचा आवडता सीझन कुठला म्हणलं की लोकांना वाटतं आता हा लेस्टरचं नाव घेणार, नाहीतर आर्सेनलचा तो एकही मॅच न हरलेला सीझन सांगणार, आणि मी सांगतो आय-लीग (तेव्हाची भारताची टॉप लीग) 2016-17, ऐझॉल एफसी. मग पुढचा प्रश्न ठरलेला, ऐझॉल म्हणजे नक्की कुठं आलं आणि तिथं तुमचं कोण पाहुणं आहे का. पाहुणं कोण नाही. मी तिथं कधी गेलेलो पण नाही. पण एवढ्या वेळा विचारलंत तर एकदा नीटच सांगतो, कारण पंगतीत अर्धवट सांगितलं की मलाच चुकचुकल्यासारखं होतं.

आधी एक आकडा बघा. 2011 च्या जनगणनेत आख्खं मिझोराम राज्य जेमतेम 11 लाखांचं. आपला सांगली जिल्हा एकटा 28 लाखांच्या वर. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या निम्मी पण लोकसंख्या नसलेलं राज्य, त्याची राजधानी डोंगराच्या धारेवर, सपाट जागा शोधायची म्हणजे मारामारी, आणि तिथला क्लब मोहन बागान, ईस्ट बंगाल, बेंगळुरू असल्यांना मागं टाकून भारताचा चॅम्पियन होतो. ईशान्य भारतातला एकही क्लब त्याच्या आधी देशाची टॉप लीग जिंकला नव्हता. बास, खरं तर माझं उत्तर इथंच संपायला हवं, पण खरी मजा पुढं आहे.

तो क्लब त्या सीझनला लीगमध्ये असायलाच नको होता. आदल्या सीझनला नऊ टीममध्ये ऐझॉल आठवा आला. नववा, म्हणजे सगळ्यात तळाला कोण, तर आपल्या पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स. पण शिवाजीयन्सला कॉर्पोरेट एन्ट्री (पैसे भरून थेट मिळालेली जागा) होती, त्यांना खाली ढकलता येत नव्हतं, म्हणून आठव्या नंबरचा ऐझॉल खालच्या लीगमध्ये गेला. त्याच वर्षी हेच पोरं फेडरेशन कपच्या फायनलपर्यंत गेलेली, तिथं मोहन बागानने 5-0 ने धुतलं ते सोडा, पण फायनलला गेलेली टीम रेलिगेट आणि शेवटची टीम सुरक्षित, हे महाराष्ट्राचा माणूस म्हणून मला तेव्हा पण पटलं नव्हतं आणि आज पण पटत नाही. मग गोव्याच्या क्लबांनी लीगवर नाराज होऊन अंग काढून घेतलं, जागा रिकामी झाली आणि देशाच्या फुटबॉल फेडरेशनने ऐझॉलला परत घेतलं. म्हणजे दार उघडलं ते दुसऱ्यांच्या भांडणामुळं. पण आत आल्यावर त्यांनी जे केलं ते पूर्ण त्यांचं.

कोच होता खालिद जमील. मुंबई एफसीचा माणूस, कित्येक वर्षं तिथं काढली, कमी पैशात टीम वर कशी टिकवायची हे त्याला पाठ, आणि 2016 ला तिथून त्याला जावं लागलं. तो ऐझॉलला गेला. मुंबईत त्याच्या हाताखाली खेळलेला आशुतोष मेहता तिथं, मुंबईचा जयेश राणे तिथं, गोव्याचा अल्बिनो गोम्स गोलमध्ये. मिडफिल्डला सीरियाचा महमूद अल अम्ना, ज्याच्या पायात बॉल आला की मॅच एकदम शांत झाल्यासारखी वाटायची, त्याच्या बरोबर लायबेरियाचा अल्फ्रेड जारयान, पुढं कामो बायी. बाकी बहुतेक मिझो पोरं, तिथल्याच लीगमध्ये घडलेली. ही लीग 2012 ला सुरू झाली, तिथलं लोकल केबल चॅनेल मॅच लाईव्ह दाखवायचं, लोक घरी बसून आपल्या गल्लीतल्या पोराला टीव्हीवर बघायचे. 2014 ला मिझोरामने संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची स्पर्धा, जिंकली. त्यामुळं जे म्हणतात की चमत्कार झाला, त्यांना मी सांगतो चमत्कार नव्हता ओ, पाच वर्षं खालून भरत आणलेली विहीर होती ती.

सीझन सुरू झाला कोलकात्यात, ईस्ट बंगालशी 1-1. तेव्हा कुणाचं लक्ष पण नव्हतं. दहा टीम, अठरा मॅच. ऐझॉलने गोलांचा पाऊस वगैरे पाडला नाही, मागं घट्ट बसायचं, बॉल सुटला की दोन-तीन पासमध्ये समोरच्याच्या गोलपाशी. बघायला काहींना कंटाळवाणं वाटायचं, मला नाही वाटलं, मी ग्राउंडवर सेंटर-बॅक खेळून मोठा झालोय आणि मला बचाव करणारी टीम बघताना डोळ्याला बरं वाटतं. त्यांच्या घरच्या मॅच मुआलपुईच्या राजीव गांधी स्टेडियमवर, आर्टिफिशियल टर्फ, आजूबाजूला डोंगरच डोंगर आणि मॅचला ही गर्दी.

आता ती 22 एप्रिलची मॅच. बागान ऐझॉलला आलेलं. दोघं जवळजवळ बरोबरीत, हीच खरी फायनल हे सगळ्यांना माहिती होतं. 80 मिनिटं झाली तरी 0-0. आणि 83 व्या मिनिटाला झोमिंगलियाना राल्ते, सेंटर-बॅक, मिझो पोरगा, त्याने हेडर मारला आणि बॉल आत. 1-0. मॅच संपली तीच 1-0.

ह्या एका हेडरचं वजन किती ते शेवटचं टेबल समोर घेऊन मोजा, मी कितीतरी जणांना कागदावर करून दाखवलंय. ऐझॉल 11 विजय, 4 ड्रॉ, 3 हार, पॉइंट 37. बागान 10 विजय, 6 ड्रॉ, फक्त 2 हार, पॉइंट 36. आता तो हेडर बाहेर गेला असता आणि मॅच ड्रॉ झाली असती तर ऐझॉलचे दोन कमी होऊन 35 आणि बागानचा एक वाढून 37. ट्रॉफी कोलकात्याला. आख्ख्या सीझनला दोनच मॅच हरलेली टीम चॅम्पियन झाली नाही आणि तीन हरलेली झाली, कारण त्या दोनातली एक मुआलपुईला हरली. लीगचं फुटबॉल मला आवडतं ते ह्यासाठी, नॉकआउटमध्ये एक दिवस नशीब साथ देतं, इथं जानेवारीतला एक ड्रॉ एप्रिलमध्ये येऊन हिशोब मागतो.

शेवटचा दिवस 30 एप्रिल. ऐझॉल 36, बागान 33, म्हणजे ऐझॉलला बरोबरी पुरे, पण मॅच शिलाँगला, शिलाँग लाजाँग क्लबच्या घरात, आणि लाजाँगकडं डिपांडा, त्या सीझनचा टॉप स्कोरर. त्यानेच नवव्या मिनिटाला गोल मारला. तिकडं कोलकात्यात बागान चेन्नई सिटीशी खेळत होतं (ती मॅच त्यांनी 2-1 ने जिंकली पण). म्हणजे हे असंच राहिलं तर 36-36 आणि मग टायब्रेकरची भानगड. मिझोरामहून लोक डोंगरातल्या रस्त्यांनी गाड्या करून शिलाँगला आलेले, ते सगळे स्टँडमध्ये, आणि टीम एक गोलने मागं, जवळजवळ तासभर. मी घरी टीव्हीसमोर, दुसऱ्या मॅचचा स्कोअर मोबाईलवर, आमच्या आईने चहा आणून ठेवला तो तसाच गार झाला. 67 व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी केली. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं कशी गेली मला धड सांगता येत नाही, ऐझॉलची पोरं प्रत्येक बॉलवर अंग टाकत होती एवढं दिसत होतं. शिट्टी वाजली, 1-1, चॅम्पियन.

तुमच्यातल्या एकाने विचारलेलं की मग पुढं काय झालं, हा क्लब आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग, फ्रँचायझींची लीग) का दिसत नाही. इथं मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. त्याच उन्हाळ्यात ठरलं की आता आयएसएल आणि आय-लीग एकाच वेळी चालणार. आयएसएलमध्ये जागा मिळायची ती बोली लावून, फ्रँचायझी फी भरून, टेबलात पहिलं येऊन नाही. देशाचा चॅम्पियन बाहेर. क्लबने पत्रं लिहिली, आंदोलनाचा इशारा दिला, काही झालं नाही. खालिद ईस्ट बंगालला गेला, अल अम्ना गेला, जयेश राणे कोलकात्याच्या एटीकेला गेला. आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये वर जायची वाट उघडली ती थेट 2023 ला, पंजाब एफसी पहिले गेले. ऐझॉलला ही वाट सहा वर्षं उशिरा मिळाली, तोवर ती टीम पांगलेली होती. आणि तेव्हा आयएसएलमधून खाली कुणी जातच नव्हतं, मग खालच्यांसाठी जागा तरी किती होणार.

हे सगळं मिरजेत बसून मला का लागतं, तर आपल्याकडचं बघा. त्याच 2016-17 ला टेबलात सगळ्यात खाली कोण होतं? मुंबई एफसी, ज्यांनी वर्षभर आधी खालिदला सोडलं. रेलिगेट झाले आणि मग क्लबच गुंडाळला. शिवाजीयन्स त्या सीझननंतर लीगमधून गेले. पुणे एफसी त्याच्या आधीच संपलेला. पुण्याचाच भारत एफसी एकच सीझन टिकला. एफसी पुणे सिटी 2019 ला बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबादची टीम आली. मालकाचं मन बदललं की क्लब बंद, हे आपल्या राज्यात एवढ्या वेळा झालंय की लोकांना त्याचं काही वाटेनासं झालंय. इकडं शेजारी कोल्हापूरला पेठांच्या तालमींचे संघ शाहू स्टेडियम खच्चून भरतात, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, तिथं तर पिढ्यान्‌पिढ्या एका संघाला धरून असलेली घरं आहेत. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या अंडर-17 वर्ल्ड कपला भारताकडून खेळला. मिरजेत पण फुटबॉलचं वेड जुनं आहे. म्हणजे पोरं आहेत, माणसं आहेत, मैदानावर गर्दी आहे, ह्यातलं ऐझॉलकडं जे होतं ते बरंचसं आपल्याकडं पण आहे. नाही ती फक्त तालमीच्या संघापासून देशाच्या लीगपर्यंत जाणारी शिडी, ती मिझोरामने बांधली आणि आपण अजून पुण्या-मुंबईच्या मालकांची वाट बघतोय.

आमच्या ग्राउंडवरची पोरं रोनाल्डो, मेस्सीच्या जर्सी घालून येतात, घालू देत, मी काही बोलत नाही. पण कुणी विचारलं की काका कुठली टीम बघू तर मी ऐझॉलच सांगतो. पैसेवाले क्लब एकामागून एक बंद पडले आणि ऐझॉल कोच गेला, प्लेअर गेले, वरची लीग हुकली तरी बंद पडला नाही, अजून तिथल्या पोरांना घेऊन खेळतोय. आणि खालिद जमील ऑगस्ट 2025 ला भारताच्या टीमचा कोच झाला, महिन्याभरात मध्य आशियाच्या सीएएफए नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर आणला. तेव्हा ऑफिसातल्यांनी मला विचारलं हा कोण, आणि मी परत पहिल्यापासून सांगायला बसलो.