फ्रिज बंद पडला, आता लस टाकायची का?

तुम्ही विचारलंत म्हणून. रात्रभर वीज नव्हती, फ्रिज बंद होता. आतल्या जिवंत विषाणूच्या लशी फेकायच्या का? नुसते तास मोजून ठरवू नका. मुदत पाहा आणि कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे लशीला लागलेली उष्णता रंगाने दाखवणारी खूण, पाहा.

गोल आणि त्यात चौकोन, एवढंच ते चिन्ह. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चालते. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला, की कुपी बाद. लागलेली उष्णता या रंगात साठत जाते. पुन्हा गार केल्याने चौकोन फिका होत नाही. १९९६ मध्ये ही खूण आधी तोंडी पोलिओ लशीवर आली, कारण उष्णतेला सगळ्यात नाजूक तीच.

गोवराची लस त्यामानाने चिवट, पण कोरडी आहे तोवरच. गोठवून, निर्वातात पाणी काढून घेतलं की विषाणूची मोडतोड मंदावते. १९५० च्या दशकात लेस्ली कोलियर यांनी देवीची लस अशीच वाळवली आणि ती फ्रिज नसलेल्या गावांपर्यंत पोचू शकली.

खरा घोटाळा होतो तो डायल्युएंट, म्हणजे कोरडी लस कालवायचा द्रव, घातल्यावर. त्या क्षणी कोरडेपणाचं संरक्षण संपतं, आणि जंतू रोखणारं काही या लशीत नसतं. म्हणून डायल्युएंट त्याच कंपनीचं, आधी २ ते ८ अंशांवर गार केलेलं; कुपीवर कालवल्याची वेळ लिहायची; आणि सहा तासांनी किंवा लसीकरणाचं सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, उरलेली टाकायची. इथे काटकसर नको. दूषित कुपीने मुलं दगावली आहेत. व्हीव्हीएम झाकणावर असतो, तोही उघडताना निघून जातो, तेव्हा आता भरवसा फक्त घड्याळावर.

फ्रिज नाही म्हणून कॅरियरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या डब्यात, दगडासारखे गोठलेले आइस पॅक कोंबणं ही दुसरी चूक. कोरड्या गोवर लशीला आणि तोंडी पोलिओ लशीला गोठण्याने काही होत नाही, पण शेजारची धनुर्वाताची किंवा हिपॅटायटिस बीची लस गोठली की कामातून जाते. पॅक बाहेर काढून ठेवा. कानाशी हलवल्यावर आत पाण्याची खुळखुळ ऐकू आली, की मगच भरा. लस गोठली होती का, हे व्हीव्हीएमवरून कळत नाही. तिथे शेक टेस्टच: त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, संशयित कुपीबरोबर हलवून शेजारी ठेवायची. संशयितातला गाळ तितक्याच किंवा जास्त वेगाने खाली बसला, तर ती वापरायची नाही.