घरी प्रिंटर कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

“लॅबमध्ये थोडक्या पैशांत फोटो मिळतो, मग घरात हे धूड कशाला?” हा एक प्रश्न. त्याच्या पाठोपाठ, बहुतेक त्याच माणसाकडून, दुसरा: “बरं, घ्यायचाच झाला तर कुठला घेऊ?” आजवर मी दुसऱ्याचं उत्तर देत आले, कारण ते सोपं आहे. पहिलं टाळत आले.

सोपं आधी उरकते. फोटोच छापायचे असतील तर लेझर नको. ऑफिसकामाचा चार रंगांचा टाकीवाला इंकजेट फोटो काढतो, नाही असं नाही. पण गालावरचा उजेड जिथे हळूहळू फिका होत जातो तिथे बारीक ठिपके दिसायला लागतात. एप्सनच्या एल ८०५० मध्ये लाइट सायन आणि लाइट मजेंटा या दोन जादा फिक्या शाया आहेत त्या त्यासाठीच. कॅननच्या जी ५७० मध्ये जादाचे रंग लाल आणि राखाडी. कृष्णधवल फोटो बरेच छापणार असाल तर राखाडी कामाला येते. आणि वर्षातून चार वाढदिवसच छापायचे असतील तर यातलं काहीच घेऊ नका. शाई फवारणाऱ्या हेडमध्येच ती सुकते, मग क्लीनिंग, आणि प्रत्येक क्लीनिंगला चांगली शाई वाया जाते. त्यापेक्षा कॅननचा सेल्फी नावाचा छोटा डाय-सब घ्या, म्हणजे रिबनवरचा रंग उष्णतेने कागदावर उतरवणारा. त्यात सुकायला काही नाही, फक्त ४ बाय ६ च्या वर जाता येत नाही.

आता पहिलं.

आईच्या दिवसकार्याला घाईघाईत पासपोर्ट फोटोच मोठा करून ठेवला होता. वर्षश्राद्धाला मी अंगणात काढलेला फोटो लावायचा ठरवला. आई काळी होती. सावळी नव्हे, काळी. भुवयांच्या मधोमध गोंदणाचे हिरवट ठिपके, त्यातला वरचा जरा फाकलेला, आणि हनुवटीवर एक. उन्हात तिचा चेहरा तांब्यासारखा लकाकायचा, तो त्या फोटोत होता. फाइल लॅबमध्ये दिली, १२ बाय १८ सांगितली.

प्रिंट हातात आली तेव्हा गोंदण नव्हतं. हनुवटीवरचा ठिपकाही नाही. मानेच्या सुरकुत्या गेलेल्या, रंग गव्हाळ. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “ताई, डाग होते ते काढले. करेक्शनचे पैसे नाही लावले.” त्याने चांगल्या मनानेच केलं होतं, आणि तेच मला सहन होईना. होता तसा काढून द्या म्हटलं. पुढच्या प्रिंटमध्ये गोंदण परत आलं, पण काळसर, आणि चेहरा गोराच. “मशीनवर ऑटोलाच असतं ताई, गिऱ्हाइकांना हेच आवडतं.”

बाबांनी चष्मा लावून पहिली प्रिंट बघितली आणि विचारलं, “ही तुझी मावशी का गं?”

म्हणून प्रिंटर. सहा रंगांचा, टाकीवाला. आल्याबरोबर जमलं असंही नाही. स्क्रीनचा उजेड कमी केल्याशिवाय कागदावर फोटो काळवंडूनच येतो. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या प्रिंटरच्या सेटिंगमध्ये, कागदाचा प्रकार नेमका निवडावा लागतो. रंग सांभाळायचं काम एक तर फोटोच्या सॉफ्टवेअरकडे द्यायचं, नाही तर ड्रायव्हरकडे. दोघांनी हात घातला की कातडीचा रंग हमखास बिघडतो. कागद स्वस्तातला न घेता प्रिंटरच्याच कंपनीचा घेतला. शेवटी गोंदण हिरवं आलं. ए-४ एवढंच, म्हणून फ्रेम लहान झाली. चालेल.

खर्च? बाटलीतली शाई पुरते, पैसे कागद खातो. लॅब स्वस्तच पडते, हे मी कधी नाकारलेलं नाही. तरी दर वेळी मला हिशेब का मागता?

मावशीला मात्र घरचा फोटो आवडला नाही. “अक्काला एवढी काळी कशाला काढलीस? लॅबवाल्याचाच बरा होता,” म्हणाली आणि तोच घेऊन गेली. तिच्या देवघराशेजारी तो लावलेला आहे. मला तिला खोडून काढता येत नाही. काळेपणावरून आईला काय काय ऐकावं लागलं ते तिने जवळून पाहिलंय. फोटोत तरी बहिणीला कोणी बोलू नये असं तिला वाटत असेल. पण मग बाबांनी जिला ओळखलं नाही ती कोण होती?

आणि शाई. पूर्वी मीच सगळ्यांना बजावत असे की डायच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईच्या नादी लागू नका, ती उजेडाने आणि हवेने उडते, रंगाच्या बारीक कणांची पिगमेंटच घ्या. आज माझ्याकडे डायच आहे. फोटो काचेआड, उन्हाच्या वाटेवर नाही, एवढी काळजी घेतली. पण तेव्हाची मी आता मला विचारते: गोंदण राहावं म्हणूनच घेतलास ना, मग उडणारी शाई कशी चालली? मी म्हणते, एप्सनचा पिगमेंटवाला पी ७०० दहा शायांचा, कार्ट्रिजचा, तो मला झेपत नाही. फाइल आहे, फिका पडला तर पुन्हा छापीन. त्यावर ती म्हणते, तू नसलीस की कोण छापणार? आणि तो गोंदणाला डाग म्हणणार नाही कशावरून?

पिगमेंट कार्ट्रिजचे भाव परवाच परत काढले.